स्मृतिसंवेदी कॅश : स्क्रिप्ट-घटकांचा

एकदा वाचून यंत्रयोग्य रूपात आणलेला स्क्रिप्ट-घटक (मोड्यूल) पुन्हा लागेल म्हणून संगणकाच्या प्रमुख स्मृतीत राखून ठेवणे व स्मृती अपुरी पडू लागताच तो आपोआप सोडून देणे, या व्यवस्थेस ही संज्ञा आहे. राखण्याने वेळ वाचतो, पण जागा अडते. काय सोडावे आणि ते कोणी ठरवावे, हा तिच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय.

१९५० च्या दशकात हे ओझे आज्ञावलीकारावर असे. आज्ञावलीचे तुकडे पाडून ते एकाच जागेत आळीपाळीने आणण्याची योजना त्यालाच आखावी लागे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ॲटलस संगणकाने (१९६२) ते यंत्रावर टाकले. त्याची गाभा-स्मृती १६,३८४ शब्दांची, तर चुंबकीय ड्रमची धारणाशक्ती ९८,३०४ शब्दांची होती. ५१२ शब्दांच्या पृष्ठांची अदलाबदल यंत्रच करीत असल्याने दोन्ही मिळून एकच स्मृती भासे. ज्याची गरज सर्वांत उशिरा पडणार ते पृष्ठ काढणे सर्वोत्तम, असे लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये मांडले. मात्र त्यासाठी भविष्य ठाऊक हवे. म्हणून व्यवहारात मागील वापरावरूनच अंदाज बांधावा लागतो.

जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेत (१९६०) निरुपयोगी स्मृती आपोआप मोकळी करण्याची, म्हणजे कचरा-संकलनाची, सोय आली. तथापि ज्या वस्तूपर्यंत कोणताही संदर्भ पोहोचत नाही तिलाच संकलक कचरा समजतो. कॅशने धरून ठेवलेली वस्तू त्याच्या हाती लागत नाही. ही अडचण जावाच्या १.२ आवृत्तीतील (१९९८) ‘मृदू संदर्भा’ने दूर केली. अशा संदर्भाने धरलेली वस्तू, तिला दुसरा पक्का आधार नसल्यास, स्मृती संपल्याची चूक उद्‌भवण्यापूर्वी निश्चितपणे सोडली जाते. हॉटस्पॉट या जावा-यंत्रणेत मूळ मांडणीनुसार प्रत्येक मोकळ्या मेगाबाइटमागे एक सेकंद, या हिशेबाने शेवटच्या वापरानंतरची मुदत मिळते. १०० मेगाबाइट मोकळे असता ती सुमारे १०० सेकंद भरते.

स्क्रिप्ट-घटकाच्या बाबतीत मात्र विसरणे निर्धोक नसते. ॲटलसचे पृष्ठ ड्रमवरून जसेच्या तसे परत येई. घटक पुन्हा चालविला, तर त्यातील गणके व नोंदी नव्याने, आरंभापासून सुरू होतात. पायथन भाषा आपले घटक पक्क्या संदर्भांनीच धरते, ते यामुळे समजण्याजोगे आहे. जावास्क्रिप्ट चालविणाऱ्या, जावात लिहिलेल्या रायनो या प्रणालीच्या १.७ आर३ आवृत्तीने (२०११) घटकाची दोन अंगे वेगळी केली : मूळ मजकुरापासून पुन्हा तयार करता येणारे भाषांतरित रूप मृदू संदर्भाने, तर चालू घटकाने इतरांस उपलब्ध केलेल्या वस्तू पक्क्या संदर्भाने राखल्या जातात. विभागणीची ही रेषा अचूक म्हणावी लागेल.

मृदू संदर्भावर आक्षेपही आहेत. कोणती वस्तू पुन्हा मिळविणे महाग, हे संकलकाला कळत नाही. या कारणास्तव अँड्रॉइडच्या अधिकृत मार्गदर्शनात कॅशसाठी तो टाळण्याचा सल्ला दिला आहे. त्याऐवजी सुचविलेल्या कॅशमध्ये सर्वांत पूर्वी वापरलेली वस्तू प्रथम काढली जाते. कॅशची कमाल मर्यादा आज्ञावलीकारच ठरवितो.