भारनियमनाचे दिवस आणि पंख्यावरचे तारे

१/ २००५ नंतरच्या काही वर्षांत ठाणे, कल्याण, डोंबिवलीत भारनियमनाचे वेळापत्रक घरोघरी पाठ असे. मुंबई शहर मात्र त्यातून वगळलेले होते.

२/ दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता आणि विजेची मागणी वाढत होती. चर्चा होई ती नव्या वीजकेंद्रांची. वीज खाणाऱ्या उपकरणांकडे क्वचितच लक्ष जाई.

३/ वास्तविक ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्येच संमत झाला होता. २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला, २००६ मध्ये तारांकन सुरू झाले. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज व एसींना ते २०१० मध्ये सक्तीचे झाले. छताच्या पंख्यासाठी मात्र २०२३ उजाडावे लागले.

४/ या विलंबाचे मोल किती? जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा सुमारे ३०. रोज १२ तास धरल्यास एका पंख्यामागे वर्षाला सुमारे १९७ युनिट वाचतात.

५/ सक्ती आली तरी विक्रीसाठी एक तारा पुरतो. भाड्याच्या खोलीत घरमालक स्वस्तातला पंखा बसवतो, बिल भाडेकरू भरतो. किमान निकष उंचावला, तरच ते बिल उतरेल.