मेट्रोची लोकसंपर्क वेबसाइट म्हणजे काय? निगडी–चाकण पट्ट्याचं उदाहरण

मेट्रो किंवा बीआरटीसारख्या कामाची माहिती लोकांना देणं, त्यांच्या हरकती-सूचना घेणं आणि पुढे त्यांचं काय झालं ते सांगणं, यासाठी जी वेबसाइट असते ती लोकसंपर्क वेबसाइट. तिकीट काढायची वेबसाइट वेगळी. ती प्रवाशांची असते. ही मात्र ज्याच्या दुकानासमोर बॅरिकेड लागणार, त्याचीही असते.

पिंपरी-चिंचवडमध्ये हा विषय ताजा आहे. पुणे मेट्रोचं भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झालं. पिंपरी ते फुगेवाडी गाडी ६ मार्च २०२२ पासून धावू लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने पिंपरी ते निगडी हा सुमारे साडेचार किलोमीटरचा वाढीव मार्ग मंजूर केला. त्यापुढे निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून वाकड, नाशिक फाटामार्गे चाकणपर्यंतचा मार्ग प्रस्तावित आहे.

पहिल्या पानावर काय हवं?

सरकारी वेबसाइट उघडली की सहसा आधी दिसतात ते मान्यवरांचे फोटो. चिंचवडच्या दुकानदाराला त्यांचा उपयोग नाही. त्याला हवं असतं ते एवढंच: गाळ्यासमोरचं बॅरिकेड कधी लागणार, कधी निघणार आणि माल उतरवायला टेम्पो कुठून आणायचा. भोसरी एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्याला बसथांबा कुठे हलवला ते आदल्या रात्रीच कळायला हवं. कंत्राटी कामगाराला पाळीला उशीर झाला तर पगार कापला जाऊ शकतो.

म्हणून माहिती विभागवार नको, चौकवार हवी. नकाशावर चौक निवडला की या आठवड्यातलं काम, बंद लेन, तात्पुरता थांबा आणि माहिती कधी अद्ययावत केली ती तारीख दिसली पाहिजे. तारीख नसलेली सूचना धोक्याची. लोक तिच्यावर विसंबून घराबाहेर पडतात.

तक्रार कुणाकडे करायची?

इथेच बहुतेक वेबसाइट अडतात. मेट्रोचं काम महामेट्रोचं, शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेचे, बस पीएमपीएमएलची, वाहतूक वळवण्याचा निर्णय पोलिसांचा. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रो तर पीएमआरडीएची. मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली की महापालिकेची हद्दच संपते आणि खेड तालुका लागतो. तिथून पुढे ग्रामपंचायती, चाकण नगरपरिषद, एमआयडीसी. खड्डा मात्र एकच असतो.

नागरिकाने खड्ड्याचा मालक शोधत बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे. तक्रार एकाच ठिकाणी नोंदवता यावी, तिला क्रमांक मिळावा आणि ती कोणत्या कार्यालयाकडे गेली ते सगळ्यांना दिसावं. ‘आमच्या अखत्यारीत नाही’ हे उत्तर देणाऱ्यानेच ती पुढे पाठवावी.

भाषा आणि फाइल

माहितीचा अधिकार कायदा, २००५ मधील कलम ४ नुसार, लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यामागची संबंधित माहिती सरकारी संस्थांनी स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. ती पोहोचवताना स्थानिक भाषेचाही विचार करायचा असतो. मराठी पाटी लावून आत शंभर पानांची इंग्रजी पीडीएफ ठेवली, तर त्या कलमाचा हेतू साधत नाही. स्कॅन केलेल्या पानात शोध घेता येत नाही, दृष्टिहीन व्यक्तीचं वाचक सॉफ्टवेअरही ते वाचू शकत नाही. मजकूर युनिकोड मराठीत हवा. चाकण पट्ट्यात बाहेरच्या राज्यांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत, तेव्हा हिंदीही हवी. शिवाय बदलाची सूचना दोन ओळींत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल अशी लिहावी. बहुतेकांपर्यंत ती तशीच पोहोचणार.

नावाचा घोळ

नाशिक फाट्यावरच्या स्टेशनला आधी नाव दिलं होतं भोसरी. भोसरी गाव तिथून काही किलोमीटर पुढे! नंतर ते नाव बदलून नाशिक फाटा करण्यात आलं. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही ही विसंगती मिनिटभरात सांगता आली असती. पाट्या रंगवण्याआधी यादी लोकांसमोर ठेवायची ती यासाठीच.

सूचनांचं पुढे काय होतं?

सूचना घेण्याचा फॉर्म सगळीकडे असतो. आलेल्या सूचनांचा तक्ता क्वचित दिसतो: काय सुचवलं, मान्य की अमान्य, अमान्य असेल तर कारण काय. चाकण मार्गासाठी असा तक्ता आत्ताच सुरू करण्यात अर्थ आहे, कारण मार्ग कागदावर असतानाच तो हलवता येतो. खांब उभे राहिल्यावर फार तर जिन्याची जागा बदलते.

पाळ्यांचंही तसंच. चाकणचे कारखाने रात्रपाळीतही चालतात, पुणे मेट्रोची पहिली गाडी मात्र सकाळी ६ वाजता सुटते. पाळी किती वाजता सुटते, किती जण कंपनीच्या बसने येतात आणि किती जण दुचाकीने, हे कामगारांनाच विचारावं लागेल. त्यासाठी फॉर्मची लिंक कारखान्याच्या गेटवर, चहाच्या टपरीवर क्यूआर कोडने लावावी आणि तोच फॉर्म छापून ग्रामपंचायतीतही ठेवावा.