पॉलीबाईंची वही



लाइम म्हणजे लिंबू नव्हे, हे आधी सांगून टाकते. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात कनेक्टिकट नदी समुद्राला मिळते, तिथे पूर्व काठाला लाइम आणि ओल्ड लाइम अशी दोन छोटी गावं आहेत. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लाइम रीजिसचं नाव तिकडे गेलेल्या लोकांनी आपल्या नव्या वस्तीला दिलं. पुढे तेच नाव एका रोगाला चिकटलं. रोग काही तिथे जन्मला नव्हता, पण ओळखला गेला तो तिथे, आणि ज्यांनी ओळखला त्यांत पहिल्या होत्या दोन आया. आज त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

पॉली मरे या चित्रकार बाई. झाडीतलं घर, चार मुलं. 1950 च्या दशकापासूनच त्यांना काही ना काही होत होतं. अंगावर चट्टे, ताप, डोकेदुखी, सुजलेले सांधे आणि कशानेही न जाणारा थकवा. डॉक्टर झाले, इस्पितळं झाली, तपासण्यांत काही सापडेना. मग नेहमी होतं तेच झालं, हे सगळं तुमच्या मनाचं आहे असं त्यांना सुचवण्यात आलं. (हे वाक्य एकदाही ऐकलेलं नाही अशी माझ्या पिढीतली बाई मला दाखवा!) पुढे मुलांचेही सांधे सुजू लागले. 1975 मध्ये त्यांच्या दोन मुलांना लहान मुलांचा संधिवात असल्याचं निदान झालं. आता हा आजार तसा क्वचित होणारा. एकाच घरात दोन मुलांना? आणि ओळखीच्या घरांतही तशीच मुलं?

पॉलीबाईंनी टिपणं ठेवली होती. कोणाला, कधी, कुठे दुखलं, आधी चट्टा होता का, किती दिवस राहिला. घरच्यांचं झाल्यावर शेजारपाजारच्यांचं. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्यामुळे असेल, पण या गोष्टीत मला सगळ्यात जास्त भावली ती ही वही. आपल्या दुखण्याची नुसती तक्रार करणं निराळं आणि त्याची तारीखवार नोंद ठेवणं निराळं.

ऑक्टोबर 1975 मध्ये त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला. त्याच सुमारास ओल्ड लाइमच्या ज्युडिथ मेन्श यांनीही खात्याला कळवलं की आपल्या लहान मुलीला संधिवात सांगितलाय आणि आमच्या रस्त्यावर तशी आणखी मुलं आहेत. खात्यातल्या डॉ. डेव्हिड स्निडमन यांनी हे ऐकून सोडून दिलं नाही. त्यांनी येल विद्यापीठातल्या डॉ. ॲलन स्टीअर यांना गाठलं. हे स्टीअर तरुण होते, सांध्यांच्या आजारांचं पुढचं शिक्षण घेत होते, पण त्याआधी त्यांनी साथींचा माग काढण्याचं सरकारी काम केलं होतं. म्हणजे सांधाही कळतो आणि साथही कळते, असा माणूस नेमका मिळाला. नोव्हेंबरात पॉलीबाई आपली यादी घेऊन त्यांना भेटल्या आणि त्यांनी ती नीट ऐकून घेतली.

मग स्टीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम या तीन गावांत शोध घेतला. लोकवस्ती 12,000. रुग्ण सापडले 51, त्यांतली 39 मुलं. रुग्ण सगळीकडे सारखे नव्हते, झाडीतल्या मोजक्या रस्त्यांवर जास्त होते. तिथल्या काही रस्त्यांवर तर दर दहा मुलांत एक. दुखणं सुरू व्हायचं ते बहुधा उन्हाळ्यात नाहीतर त्यानंतर लगेच. एका घरातल्या माणसांनाही वेगवेगळ्या वर्षी झालेलं, म्हणजे एकाचं दुसऱ्याला लागत नव्हतं. आणि साधारण चौथा हिस्सा रुग्णांना आठवत होतं की सांधे धरण्याच्या आधी अंगावर एक लाल चट्टा उठून पसरत गेला होता. 1977 मध्ये हे छापून आलं तेव्हा नाव होतं ‘लाइम संधिवात’.

आता गंमत बघा. हा पसरत जाणारा चट्टा युरोपला जुनाच माहीत होता! स्वीडनचे त्वचारोगतज्ज्ञ आर्विद अफ्सेलियस यांनी 1909 मध्येच त्याचं वर्णन केलं होतं आणि गोचिडीवर संशय घेतला होता. 1950 च्या आसपास तिकडचे डॉक्टर त्यावर पेनिसिलिन देतही होते. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या डॉ. स्क्रिमेंटी यांनी 1970 मध्ये असा एक रुग्ण नोंदवला, त्यालाही पेनिसिलिनने गुण आला. 1976 मध्ये ग्रोटनच्या नौदल तळावरच्या डॉक्टरांनी चार जण नोंदवले, तेही कनेक्टिकटमध्येच. पण चट्टा त्वचेच्या डॉक्टरांकडे, गुडघा हाडांच्या डॉक्टरांकडे, थकवा कोणाकडेच नाही. सगळी दुखणी एका कागदावर एकाखाली एक लिहिलेली होती ती पॉलीबाईंच्या वहीत.

जंतू सापडला तो 1981 मध्ये. विली बर्गडॉर्फर हे मूळचे स्वित्झर्लंडचे, मोंटानातल्या हॅमिल्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत गोचिडींचा अभ्यास करायचे. न्यूयॉर्कच्या शेल्टर आयलंडवरून आलेल्या गोचिडींत ते दुसराच रोग शोधत होते. पण पोटात दिसले मळसूत्रासारखे नागमोडी जंतू. तशा जंतूंवरच त्यांनी तरुणपणी बाझेलला पीएच.डी. केली होती, त्यामुळे पाहताक्षणी ओळखले. 1982 मध्ये ‘सायन्स’मध्ये लेख आला, पुढे जंतूला त्यांचंच नाव मिळालं.

गोचीड आपल्याला नवी नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे 2016 पासून आलेला माकडताप गोचिडीनेच येतो, पण तो विषाणूचा रोग, हा जिवाणूचा. तिकडची ही हरणावरची गोचीड लहान असताना खसखशीच्या दाण्याएवढी असते. चावलेली कळत नाही, म्हणून दीड-दोन दिवस अंगावर सुखाने बसते. न्यू इंग्लंडमधली शेतं ओस पडली, तिथे पुन्हा रान माजलं, हरणं परतली आणि माणसांनी त्याच रानात हौसेने घरं बांधली. असो.

तर जंतू सापडला, औषध सापडलं, मग भांडण कसलं? भांडण निदानाचं. चट्टा दिसला तर डॉक्टर तपासणीसाठी थांबतच नाहीत, डॉक्सिसायक्लिन सुरू करतात आणि बहुतेक माणसं बरी होतात. पण चट्टा दिसलाच नाही तर भिस्त रक्ताच्या तपासणीवर, आणि ती जंतू पाहत नाही, शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं पाहते. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणजे लवकर तपासलं तर आजार असूनही ‘नाही’ येऊ शकतं. उलट, जुन्या संसर्गानंतर ती वर्षानुवर्षं रक्तात राहतात, त्यामुळे ‘हो’ आलं म्हणजे आजचं दुखणं त्याचंच, असंही नाही. उपचारानंतरही काही जणांचा थकवा आणि सांधेदुखी महिनोन्‌महिने जात नाही. अशांपैकी आणि ज्यांचं निदान पक्कं झालंच नाही अशांपैकी अनेकांना वाटतं की जंतू आत दडलाय, अँटिबायोटिक चालूच ठेवा. तसं चालू ठेवून काळजीपूर्वक चाचण्या झाल्या. टिकाऊ फायदा दिसला नाही, शिरेतून औषध देण्याचे धोके मात्र दिसले.

आणि इथे इतिहास असा उलटा फिरतो की वाचताना मला वाईट वाटलं. ज्यांनी पॉलीबाईंचं ऐकून घेतलं, तेच डॉ. स्टीअर पुढे म्हणू लागले की लाइमच्या नावाखाली भलत्याच आजारांवर उपचार चाललेत. त्यावर रुग्णांनी त्यांना वैरी ठरवलं, धमक्या आल्या. 2006 मध्ये संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने उपचारांचे नियम काढले, तर कनेक्टिकटच्या महाधिवक्त्यांनी त्यांचीच चौकशी लावली. 2008 मध्ये तडजोड झाली, 2010 मध्ये नेमलेल्या समितीने नियम कायम ठेवले. भांडण मिटलं नाही. मला दोन्ही बाजू कळतात. ‘मनाचं आहे’ हे एकदा ऐकलेलं माणूस नंतर ‘लाइम नाही’ हे वाक्यही तसंच ऐकतं.

हे सगळं वाचायचं कारण म्हणजे माझी भाची. ती कनेक्टिकटमध्येच राहते. गेल्या उन्हाळ्यापासून तिचा गुडघा सुजतो, पायऱ्या चढताना दम लागतो. रानवाटांवर फिरायची सवय, चट्टा आठवत नाही. पहिली तपासणी ‘नाही’ आली. संसर्गरोगतज्ज्ञांची वेळ मिळाली ती दोन महिन्यांनंतरची. मधल्या काळात कुणीतरी तिला एक खासगी दवाखाना सुचवला. तिथे विमा चालत नाही आणि निदान पक्कं व्हायच्या आधीच शिरेतून सहा महिने औषध चालू करायची तयारी. तिची आई, म्हणजे माझी बहीण, सांगलीहून रोज म्हणते, जा म्हणावं, निदान काही करतायत तरी! बहिणीचा जीव तुटतो ते मला दिसतं. तरी मी भाचीला सांगितलं, त्या दवाखान्यात जाऊ नकोस, आधी तज्ज्ञांना भेट. मात्र भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

तिने परवा मला दोन पानं पाठवली. कुठल्या रानवाटेला कोणत्या तारखेला गेली, ताप कधी, गुडघा उजवा की डावा, किती दिवस, पहिली तपासणी दुखणं सुरू झाल्यावर कितव्या दिवशी. शेवटची तारीख वाचून मी तिला लगेच फोन केला, कारण ती तपासणी जेमतेम दहाव्या दिवशी झालेली. पुन्हा करायची का, हे तज्ज्ञांना पहिल्याच मिनिटाला विचार, असं तिच्या यादीत सगळ्यात वर लिहायला लावलं. भेट येत्या बावीस तारखेला आहे.