श्रेणी, संघ आणि पत : नाणेघाटाच्या वाटेवरून

मुरबाडच्या बाजारपेठेत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते : धंद्यात खरे बोलून भागत नाही. म्हसाच्या जत्रेत बैलाचे वय दोन वर्षांनी कमी सांगणारा तेच म्हणतो आणि भाताच्या मापाला अंगठा लावणाराही तेच म्हणतो. अलीकडे आमचे तरुण उपासक नोकरीच्या पलीकडे पाहू लागले आहेत. कोणी दुकान थाटले आहे, कोणी लहानसहान कंत्राटे घेतो, भगिनींचे बचत गट चालू आहेत. हे लोक विहारात येऊन आम्हांस विचारतात, ‘चोरी न करण्याचे आणि खोटे न बोलण्याचे शील आम्ही घेतो खरे, पण ते गल्ल्यावर बसून पाळता येईल काय?’ या प्रश्नास उपदेशाने उत्तर देणे सोपे आहे. परंतु ज्या भूमीवर हा प्रश्न विचारला जातो, त्याच भूमीच्या इतिहासाने त्याचे उत्तर एकदा देऊन ठेवले आहे, आणि ते उत्तर दगडावर कोरलेले आहे.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या वाट्याला सह्याद्रीचा एकेक प्राचीन दरवाजा आला आहे. शहापूरच्या अंगाला थळघाट, म्हणजे आजचा कसारा घाट. सोपाऱ्याचा माल त्या बाजूने नाशिककडे चढे. मुरबाडच्या अंगाला नाणेघाट. कल्याणचा माल वैशाखऱ्यावरून चढून जुन्नरला व पुढे प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख नियमांनी चालणारी बाजारपेठ असा येतो. मुरबाड तालुक्यातच सोनावळे गावाजवळ जुनी लेणी आहेत. आज ती गणपती गडद या नावाने ओळखली जातात. ही वाट ओसाड रानातून जाणारी नव्हती. ती विहारांच्या साखळीतून जात होती.

नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहन राणीचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञांची यादी आहे आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापणांची मोजदाद आहे. इतिहासाची पुस्तके त्या लेखावर पाने खर्च करतात. त्याच घाटात पाण्याच्या टाक्यावर एक लहानसा लेख आहे, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सोपाऱ्याच्या गोविंददासाने ही पोढी, म्हणजे टाके, दान दिले, एवढेच तो सांगतो. चढून दमलेल्या वाटसरूने ओंजळ भरताना त्याची जात विचारावी, असे त्या लेखात कोठेही लिहिलेले नाही. घाटातला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे लोक सांगतात. ते खरे असेल वा नसेल. आमच्या विषयाला त्या रांजणापेक्षा हे टाके अधिक जवळचे आहे.

या वाटेने जाणारे लोक कोण होते, हे लेण्यांतील शिलालेख सांगतात. कान्हेरीस कल्याणच्या लोहाराने दान दिलेल्या वाटेचा लेख आहे, कल्याणच्या सोनाराने दिलेल्या टाक्याचा लेख आहे. घाटापलीकडे जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. राजांची दाने आहेतच. पण या डोंगरांत कमावून खाणाऱ्या माणसांची नावे फार मोठ्या संख्येने आहेत. ती माणसे संपन्न कशी झाली, याचा विचार मात्र आपण क्वचित करतो.

त्या काळी बँक नव्हती. कल्याणचा व्यापारी बैलांवर माल लादून घाट चढवी, तो पैठणच्या अनोळखी माणसाच्या हाती देई आणि मोबदला परत यायला महिने लागत. मध्ये जंगल, मध्ये दोन राजांच्या सीमा. अशा व्यापारात भांडवलाच्याही आधी लागते ती पत. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात भगवान बुद्धांनी दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. तो डोळस असावा, म्हणजे माल कितीला घेतला, कितीला विकला व काय उरले हे त्यास ठाऊक असावे. तो खरेदी-विक्रीत कुशल असावा. आणि त्यास आधार असावा. हा आधार म्हणजे काय, याचे सुत्तात दिलेले स्पष्टीकरण आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. धनवान गृहस्थ त्याच्याकडे पाहून म्हणतात की हा माणूस कुटुंब पोसू शकतो आणि वेळोवेळी आमचे देणे फेडू शकतो. म्हणून ते आपण होऊन त्याच्यापुढे पैसा ठेवतात. लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशाला येथे दुकानदाराच्या गुणात जमा केले आहे. परलोकातील पुण्याची भाषा या ठिकाणी नाही.

या पतीचा सर्वांत ठळक पुरावा नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (तो ब्राह्मणांनाही भरपूर दाने देणारा होता, हे सांगितलेच पाहिजे) याने तेथे लेणे खोदवून चारी दिशांच्या भिक्खू संघास अर्पण केले आणि ३००० कार्षापणांची अक्षयनिवी, म्हणजे कधी न मोडायची ठेव ठेवली. ही ठेव राजाच्या खजिन्यात ठेवलेली नाही. ती गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे २०००, शेकडा एक दराने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे संघाने घ्यायचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून हिशेब करावा. दरमहा शेकडा एक म्हणजे २००० वर वर्षाला २४० कार्षापण. वीस भिक्खू गुणिले बारा, २४०. एक कार्षापण कमी नाही, एक जास्त नाही. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा ताळेबंद आजही जुळतो. आणि लेखाच्या शेवटी त्याहून मोलाची गोष्ट आहे : हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविले. म्हणजे दात्याने विणकरांच्या चांगुलपणावर विसंबून गप्प बसणे पसंत केले नाही, आणि विणकरांनाही त्यात अपमान वाटला नाही. रक्कम किती, कोणाकडे, कोणत्या दराने, कशासाठी, हे चारचौघांत वाचले, फळ्यावर लिहिले, शिवाय भिंतीवर कोरले. प्रामाणिकपणा हा मनातला गुण खरा, पण त्याला उघड्यावर उभे करण्याची व्यवस्था त्या समाजाने निर्माण केली होती.

अशा ठेवी विणकरांपुरत्या नव्हत्या. जुन्नरच्या एका लेखात बांबूकाम करणारे आणि कासार यांच्याकडे ठेवलेल्या पैशांची नोंद आहे. नाशिकलाच पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेव ठेवली. ती घेणाऱ्यांत कुंभार आहेत, पाण्याची यंत्रे करणारे आहेत, तेल गाळणारे आहेत. ही नावे सावकाश वाचावीत. कुंभार, तेली, विणकर, बुरूड. संघाचा पैसा सांभाळण्यास लायक म्हणून एके काळी ज्या व्यवसायांची निवड झाली, त्याच व्यवसायांना नंतरच्या धर्मशास्त्राने खालच्या पायऱ्यांवर नेऊन बसविले. हाताचे कौशल्य तेच राहिले, पत गेली. आमच्या मते जातिव्यवस्थेने केलेल्या चोऱ्यांपैकी ही एक मोठी चोरी आहे आणि तिची मोजदाद अद्याप नीट झालेली नाही.

शीलस्कंधात खोटी तराजू, खोटे नाणे आणि खोटे माप यांपासून दूर राहण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. जातककथांतील तिसरी कथा तर फेरीवाल्यांचीच. सेरी देशीचे दोन फेरीवाले अंधपूर नगरात येतात. एका गरीब घरातील आजी आणि नात काळवंडलेली थाळी दाखवून बदल्यात एखादा दागिना मागतात. पहिला सुईने ओरखडा काढून ओळखतो की ती सोन्याची आहे, पण अर्ध्या माषाचीही नाही असे म्हणून फेकून देतो, म्हणजे नंतर फुकटात मिळेल. दुसरा सांगतो की ही लाखाची आहे, माझा सगळा मालही तेवढ्या किमतीचा नाही. तो आपले ५०० कार्षापण आणि ५०० चा माल देऊन थाळी घेतो, तराजू, थैली आणि नावेसाठी आठ कार्षापण तेवढे मागून घेतो. लाखाची वस्तू हजारात घेणे न्याय्य होते काय, असे आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, आणि तिचा प्रश्न चुकीचा नाही. पण फरक असा की दुसऱ्याने खरी किंमत आधी सांगितली. निर्णय आजीच्या हाती राहिला.

निरक्षराच्या हाती निर्णय न राहू देणे, हाच तर आमच्या भागातील सावकारीचा पाया होता. पावसाळ्यात घरातील दाणा संपला की आदिवासी व दलित कुटुंबे खावटीसाठी सावकाराच्या दारी जात. देताना एक माप, घेताना दुसरे. वहीत काय लिहिले ते अंगठा उठविणाऱ्यास वाचता येत नसे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासींच्या कर्जबाजारीपणावर व वेठीवर सरकारला अहवाल दिला. शहापूर तालुका तेव्हा अंशतः वगळलेल्या क्षेत्रात मोडत होता. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकारावर वही ठेवण्याचे, ऋणकोस हिशेबाचे विवरण देण्याचे आणि पावती देण्याचे बंधन घातले. गोवर्धनच्या निगमसभेत जे रिवाज म्हणून घडत होते, ते विसाव्या शतकात कायद्याने सांगावे लागले. आणि कायदा झाला तरी वेठबिगारी कायद्याने रद्द होण्यास १९७६ साल उजाडले.

आता एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. प्रामाणिक माणसाला यश मिळतेच, असे ज्यांचे म्हणणे असेल त्यांनी बाबासाहेबांचे १९१७ साल आठवावे. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांनी १९१३ साली केला होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून ते तो करार पाळण्यासाठी बडोद्यास गेले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत, प्यायला पाणी मिळेना, आणि पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. मुंबईस परतल्यावर त्यांनी शेअरच्या व्यवहारांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला उत्तम होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. पापणिक सुत्तातील पहिले दोन गुण, डोळसपणा व कौशल्य, यांत त्यांची बरोबरी करणारा त्या मुंबईत कोण होता? तिसरा गुण, समाजाने ठेवायचा विश्वास, तो मात्र समाजाने जातीच्या पेटीत कुलूप लावून ठेवला होता.

म्हणून प्रामाणिकपणा हा यशाचा ताईत आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो दोन बाजूंनी चालणारा व्यवहार आहे. एका बाजूने माणसाने शब्द पाळायचा. दुसऱ्या बाजूने समाजाने त्या शब्दाची किंमत माणूस पाहून बदलायची नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत चोरी न करण्याची आणि खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे, तशीच सर्व मानवमात्र समान मानण्याचीही आहे. ज्यांच्यावर दुसरे कोणी विश्वास ठेवीत नव्हते, त्यांनी आधी एकमेकांवर विश्वास ठेवता येईल असा समाज उभारावा, हा त्या एकत्रपणाचा अर्थ आम्ही घेतो. बचत गटातील भगिनी दरमहा शंभर-शंभर रुपये जमवून सर्वांसमोर मोजतात, तेव्हा नकळत त्या श्रेणीची जुनी रीत चालवीत असतात.

मग आमच्या विहारांचे काय? येथे लेखणी थोडी अडखळते, पण लिहिले पाहिजे. आमच्या माहितीतील एका गावी विहारासाठी वर्गणी गोळा झाली. मुंबई-ठाण्यात कामास असलेल्यांनी पगारातून दिली, शेतमजुरांनी एक दिवसाची मजुरी दिली. पाया भरला, जोते आले आणि काम थांबले. पैसा कोणी खाल्ला नव्हता, असे आमचे आजही मत आहे. परंतु हिशेब कधी वाचला गेला नाही. कोषाध्यक्षास कोणी विचारले की तो म्हणे, माझ्यावर विश्वास नाही काय? हळूहळू दोन तट पडले, बुद्ध पौर्णिमेचे दोन कार्यक्रम होऊ लागले, सोयरिकी तुटल्या. जोत्यावर तीन पावसाळे गवत उगवले. त्या दिवसांत आम्हीही मध्यस्थीसाठी गेलो होतो आणि वही मागण्याचा संकोच आम्हांसही झाला. उषवदाताला विणकरांपुढे जो संकोच झाला नाही, तो आम्हांस आपल्याच माणसापुढे झाला.

पुढे वर्षावासाच्या आरंभी, आषाढ पौर्णिमेस, बचत गटाच्या दोन भगिनींनी जुन्या पावत्या घरोघरी फिरून गोळा केल्या आणि शाळेचा एक मोडका फळा आणून जोत्यावर उभा केला. वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्यावर आहे, सिमेंट, विटा, गवंड्याची मजुरी आहे. ३४० रुपयांचा मेळ अखेरपर्यंत लागला नाही. तेही शेवटच्या ओळीत लिहिलेले आहे.