गोष्टींचा बाजार आणि वऱ्हाडचा लेखक

जठारपेठेंत बसून लिहिलेली गोष्ट छापून यावयाची, तर तिला कित्येक पिढ्या बहुधा एकच वाट होती: पोस्टाच्या पाकिटांतून मुंबईस, नाहीं तर पुण्यास. अकोल्याच्या कापसाची वाट याहून फारशी निराळी नव्हती. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली, आणि वऱ्हाडांत पिकलेल्या मालाचा भाव वऱ्हाडाबाहेर ठरण्याची रीत पक्की झाली. मराठी लघुकथेचा इतिहास लिहितांना आपण लेखक मोजतों, संप्रदाय मोजतों; परंतु गोष्ट विकत कोण घेत होतें, किती पृष्ठांची घेत होतें आणि कोणत्या महिन्यांत घेत होतें, हें क्वचितच विचारतों. आमच्या मतें लघुकथेचा आकार पुष्कळसा या व्यवहारानेंच ठरविला, आणि वऱ्हाडच्या कथालेखकाचें भाग्यहि.

लेखनास बक्षीस देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईंतील दक्षिणेच्या रकमेंतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली, व मराठी ग्रंथांस पारितोषिकें मिळूं लागलीं. पण तीं ग्रंथांस. चार पानांच्या गोष्टीस त्या पंक्तींत पाट नव्हता. तो मांडला नियतकालिकांनीं. १८९० सालीं हरि नारायण आपटे यांनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें. त्यांत कादंबरी क्रमशः चाले, आणि तिच्या शेजारीं स्फुट गोष्टी येत. १८९५ च्या जानेवारींत काशीनाथ रघुनाथ मित्र यांचें ‘मनोरंजन’ सुरू झालें. तेथें ‘संपूर्ण गोष्ट’ हा शब्द रूढ झाला, आणि वि. सी. गुर्जरांनीं तो घरोघर नेला. या नांवांतच बाजाराची गरज दिसते: पुढच्या महिन्याची वाट पाहावयास न लावतां त्याच अंकांत संपणारी ती संपूर्ण. १९०९ सालीं मित्रांनीं पहिला दिवाळी अंक काढला. फराळाबरोबर वाचनाची ही चाल इतकी रुजली कीं जाहिरातदारांचा पैसा, छापखान्यांची धांदल आणि लेखकांची लगबग हीं सर्व एका सणाभोंवतीं गोळा झालीं. दिवाळींत वाचावयाची गोष्ट लेखकास श्रावणांतच लिहून काढावी लागते. शेतकऱ्याप्रमाणें त्याचाहि हंगाम ठरून गेला. या घाईनें कथेचें बरें झालें कीं वाईट, हा वाद आम्ही येथें वाढवीत नाहीं. मागणी वाढली, आणि अनोळखी लेखकास दार किलकिलें झालें, एवढें खरें.

वऱ्हाड या घडामोडींपासून अलिप्त होतें असें नाहीं. १९१२ सालीं मराठी साहित्यसंमेलन अकोल्यास भरलें, तेव्हां अध्यक्ष होते खुद्द हरि नारायण आपटे. त्यापूर्वी १९०७ सालच्या पुण्याच्या संमेलनाचें अध्यक्षपद विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्याकडे होतें; त्यांची बरीच हयात वऱ्हाडच्या शिक्षणखात्यांत गेलेली. १९२३ च्या मकरसंक्रांतीस अमरावतीस विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. विद्वान होते, वाचक होते, सभा होत होत्या. नव्हतें तें गोष्टी विकत घेणारें, ‘मनोरंजना’च्या तोडीचें, टिकाऊ मासिक. १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलेला हा मुलूख १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला, आणि मराठी ग्रंथव्यवहाराचें घर राहिलें मुंबई इलाख्यांत. मोठे जाहिरातदार तेथें, मोठे छापखाने तेथें. १९२६ चें ‘रत्नाकर’ पुण्याचें, १९३३ ची ‘सत्यकथा’ मुंबईची. तथापि सगळा दोष भूगोलावर ढकलणें आम्हांस पटत नाहीं. बडोदें कांहीं गिरगांवच्या शेजारीं नाहीं; तरी तेथून १९४३ सालीं ‘अभिरुचि’ निघालें, व १९४६ सालीं त्यानें व्यंकटेश माडगूळकर या नवख्या लेखकाची ‘काळ्या तोंडाची’ ही गोष्ट छापली. वऱ्हाडांतील कापसाच्या पैशास अशी हौस झाली नाहीं, हें आम्हांस डांचतें.

अशा स्थितींत स्पर्धा हीच दूरच्या लेखकाची आशा. गोष्टीवर नांव नसतें. परीक्षकास लेखकाचें गांव ठाऊक नसतें. केरळांत १९५४ सालीं ‘मातृभूमि’ साप्ताहिकाच्या कथास्पर्धेंत पहिले आलेले एम. टी. वासुदेवन नायर त्या एका गोष्टीनें वाचकांपुढें आले. परंतु त्यांची पुढली गोष्ट छापावयास तेंच साप्ताहिक उभें होतें, आणि कालांतरानें ते त्याचे संपादकहि झाले, हें विसरतां येत नाहीं. मागें मासिक नसलेली स्पर्धा म्हणजे जत्रेंतली कुस्ती. नारळ मिळतो, तालीम मिळत नाहीं.

शिवाय नांव झांकलें तरी भाषा झांकली जात नाहीं. ‘मला’ऐवजीं ‘मले’ आणि ‘कां’ऐवजीं ‘काऊन’ म्हणणारें पात्र आलें कीं परगांवच्या परीक्षकाचा कान टवकारतो. वऱ्हाडी बोली हंशाकरितां चालते, दुःखाकरितां नाहीं, असा समज फार दिवस होता. म्हणून लिहिणारा घरीं एक मराठी बोले आणि पाकिटांत दुसरी घाली. उद्धव शेळके यांनीं हा संकोच टाकला. १९६० सालच्या त्यांच्या ‘धग’ कादंबरींत कौतिक दारिद्र्याशीं झगडतांना वऱ्हाडींत बोलते, आणि वाचकास हसूं येत नाहीं. याच शेळक्यांनीं पुढें लेखणीवर चरितार्थ चालविला, व त्याकरितां लोकप्रिय कादंबऱ्या मोठ्या संख्येनें लिहिल्या. लेखनावर पोट भरण्यास काय मोजावें लागतें, हें त्यांच्या ग्रंथांची यादी पाहिल्यास कळतें.

‘मनोरंजन’ १९३५ सालीं थांबलें, ‘सत्यकथा’ १९८२ सालीं. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत व राम पटवर्धन अपुऱ्या वाटलेल्या गोष्टीवर लेखकास सविस्तर पत्र लिहीत व ती पुन्हां लिहवून घेत. त्या पत्रांचा जाच वाटलेले लेखक होते, तसेच त्यांच्यावर घडलेलेहि. तें पत्र अकोल्यासहि गिरगांवाइतकेंच सुखरूप पोंचूं शकत होतें. आज दिवाळी अंक निघतात, स्पर्धा तर पुष्कळच आहेत, आणि कांहींस प्रवेशमूल्यहि भरावें लागतें. गोष्ट ईमेलनें क्षणांत जाते. निकाल लागतो, प्रशस्तिपत्र येतें. गोष्ट कोठें सैल पडली हें मात्र बहुधा कोणी कळवीत नाहीं. वऱ्हाडांत स्पर्धा भरविणाऱ्या संस्थांनीं पारितोषिकाची रक्कम थोडी कमी करून प्रत्येक स्पर्धकास चार ओळींचें पत्र धाडावें, अशी आमची सूचना आहे. परीक्षकांत एक तरी असा असावा कीं ज्यास ‘काऊन’चा अर्थ विचारावा लागणार नाहीं.