सगळ्यात हळू यंत्रासाठी थांबणारी केबल

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये माझा सर्किट बोर्ड धडाधड रीडिंग्ज पाठवायचा, लॅपटॉपला ती घेता यायची नाहीत आणि अधलीमधली गायब व्हायची. तेव्हा मला हा किस्सा सापडला.

मोजमापाची यंत्रं कॉम्प्युटरला जोडायला ह्युलेट-पॅकार्डनं एक पद्धत काढली. 1975 मध्ये ती आयट्रिपलई 488 हे स्टँडर्ड झाली. एका केबलवर 15 यंत्रं, एका वेळी आठ बिट. पण खरी गंमत तीन तारांची. एक सांगते, 'डेटा तयार आहे'. दुसरी, 'थांब, सगळे तयार नाहीत'. तिसरी, 'थांब, सगळ्यांनी घेतला नाही'. ऐकणाऱ्यांतल्या सगळ्यात हळू यंत्रानं बाइट घेतल्याशिवाय पुढचा निघतच नाही!

मग मीही नियम केला: लॅपटॉपची पोच आल्याशिवाय पुढचं रीडिंग नाही. वेग कमी झाला, पण रीडिंग्ज हरवायची थांबली.