शिकलगारांच्या हातची जवारी

मिरजेचे नाव निघाले की प्रवाशाला तेथील जंक्शन आठवते, दुखणाईताला तेथील इस्पितळे आठवतात आणि गाणाऱ्याला तंबोरा आठवतो. परंतु ज्या घराण्यांनी हा तंबोरा देशभर पोहोचविला त्यांचे पूर्वज वाद्ये घडविणारे नव्हेत, तर तलवारी घासणारे शिकलगार होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहत नाही.

मिरजेच्या पटवर्धन सरदारांच्या सरंजामात या शिकलगारांना कामाची वाण नव्हती. फौज बाळगणाऱ्या सरदाराकडे सिलेखाना असणारच, आणि सिलेखाना म्हटला की गंज काढणे, धार लावणे, मूठ बसविणे, पात्याला झिलई देणे ही कामे बारमाही चालावयाची. हाताचा अंगठा पात्यावरून आडवा फिरवून धारेची परीक्षा करणारा हा वर्ग १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा एकाएकी उपाशी पडला नसेल. पण स्वाऱ्या थांबल्या, तलवारी आढ्याला गेल्या, आणि वर्षातून एकदा दसऱ्याला खाली उतरणाऱ्या हत्यारांवर किती संसार चालणार?

राज्य गेले तरी संस्थान राहिले, आणि संस्थानाबरोबर दरबारचे गाणेही राहिले. गवयांची वाद्ये उत्तरेकडून येत. ती बिघडली म्हणजे दुरुस्त करावयास जवळपास कोणी नसे. अशा वेळी लाकूड, धातू आणि बारीक कानसकाम या तिहींत वाकबगार असलेल्या शिकलगारांकडे ही वाद्ये आली असे परंपरा सांगते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब या कारागिराने दुरुस्तीवरून निर्मितीकडे पाऊल टाकले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी ‘सतारमेकर’ हे आडनावच घेतले. अर्धे देशी आणि अर्धे इंग्रजी असे हे नाव व्याकरणाच्या पंतोजीला रुचणार नाही, पण त्यात एका जमातीचे स्थित्यंतर जेवढे स्पष्ट वाचता येते तेवढे एखाद्या दप्तरातही सापडणे कठीण.

काळही अनुकूल होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस असताना विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशी शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले; गाणे दरबारातून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आले, आणि दिवाणखान्यात गाणे आले की तंबोराही हवाच. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्यही याच गावी झाले. तंबोरा निर्दोष लागलेला असावा याविषयी त्यांचा आग्रह विख्यात होता, आणि असे गिऱ्हाईक शेजारी असणे हे कारागिराचे भाग्यही असते आणि शिक्षाही. १९३७ साली ते निवर्तल्यावर ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात त्यांचे दफन झाले.

तंबोऱ्याचा जन्म मात्र शेतात होतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारा कडू भोपळा खाण्याच्या उपयोगाचा नसतो. तो महिनोन्महिने वाळवितात, मग पाण्यात भिजवून कापतात आणि आतला गर खरवडून काढतात. त्यावर तुणीच्या लाकडाची तबली, गळा आणि दांडी बसते, नक्षी होते, लाखेची झिलई चढते. येथवरचे काम डोळ्यांना दिसते व शिकविता येते. उमेदवारी करणाऱ्या पोराला प्रथम खरवडण्याचे आणि घासण्याचेच काम मिळते.

खरे काम जवारीचे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट नसतो. त्याला कानशीने अगदी पुसटसा उतार द्यावयाचा, इतका की तार छेडली असता ती त्या उतारावर किंचित घासत, उलगडत जावी. उतार जरा कमीअधिक झाला की नाद बिघडतो. कारागीर दोनचार हात कानस फिरवितो, तारा पुन्हा घोडीवर चढवितो, तारेखाली सुताचा दोरा सरकवून पाहतो, ऐकतो आणि पुन्हा तारा उतरवितो. असे कितीदा, याला हिशेब नाही. खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार आपोआप उमटला की तो हात थांबतो. हे मोजायला माप नाही. म्हणूनच बापाचे कसब मुलाला वारशाने मिळेलच असे नाही, आणि मजुरी तासांवर ठरविणाऱ्याला या कामाचा भाव कधीच कळत नाही.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचे रक्षण त्याने होईल. परंतु पेटीतला इलेक्ट्रॉनिक तंबोरा दोरा न सरकविता, खुंटी न फिरविता तासन्‌तास वाजतो, आणि रियाजाला तेवढे पुष्कळांना पुरते.

तरीही लाकडी तंबोरे मिरजेकडे परततच असतात. रोजच्या वाजविण्याने तारा घोडीच्या माथ्यात बारीक चऱ्या पाडतात आणि नाद मिटत जातो. मग गवई गवसणीत घातलेला तंबोरा घेऊन सतारमेकरांच्या गल्लीत येतो. काय बिघडले हे तो सविस्तर सांगू लागतो. कारागीर मान हलवीत तारा ढिल्या करतो आणि घोडीवरून अंगठा आडवा फिरवितो.